प्रशिक्षणामुळे कमाई वाढली, हे दाखवायचं कसं? (यवतमाळ, ६० मुलं)

दारव्हा_रोड:
एम.ए.च्या प्रबंधासाठी विचारतोय. चार गावांतल्या ६० मुलांना मोटार रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्तीचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं. त्यांची कमाई आधी एप्रिलमध्ये विचारली होती, आता नोव्हेंबरात पुन्हा विचारली. सरासरी जवळजवळ दुप्पट दिसते. हा फरक प्रशिक्षणाचा म्हणून लिहू का? मार्गदर्शक तुलनेसाठी दुसरा गट मागताहेत. तो आता कुठून आणू?

पऱ्हाटी:
नाही भाऊ, तसं लिहू नका. एप्रिलात शिवारात काम नसतं आणि नोव्हेंबरात कापसाची वेचणी ऐन भरात असते. ज्यानं आयुष्यात कॉइल पाहिली नाही त्याचीही कमाई या दिवसांत वाढते.

दुसरी गोम जुनी आहे. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षणार्थींची कमाई तपासली, तर ती प्रशिक्षणाच्या अगदी आधी घसरलेली निघाली. काम सुटलं की माणूस असल्या वर्गाकडे वळतो. ती घसरण पुढं आपोआपही थोडी भरून निघते आणि श्रेय वर्गाला जातं.

म्हणून गावातला कुठलाही तरुण तुलनेला चालणार नाही. अर्ज केला पण जागा मिळाली नाही, अशांची यादी संस्थेकडून मागा. निवड चिठ्ठ्या टाकून झाली असेल तर सोन्याहून पिवळं. मुलाखतीनं झाली असेल तर शिक्षण, घरची शेती, वय हे जुळवून घ्यावं लागेल, आणि तरी शंका राहतेच. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये हेच दाखवलं: चिठ्ठ्यांनी निघालेलं उत्तर आणि बाहेरचा गट जुळवून काढलेलं उत्तर यांचा बरेचदा मेळ बसत नाही.

हिशोब असा. समजा, शिकलेले ४,००० वरून ७,५०० वर गेले आणि न शिकलेले ४,३०० वरून ७,००० वर. पहिली वाढ ३,५००, दुसरी २,७००. परिणाम ८०० रुपयांचा, ३,५०० चा नव्हे. एक सांभाळा: न शिकलेल्यांची एप्रिलची कमाई आता आठवून घ्यावी लागणार. मग शिकलेल्यांचीही आठवूनच घ्या. एकाचं नोंदलेलं आणि दुसऱ्याचं आठवलेलं एका तराजूत घालू नका.

मापात_पाप:
वरचं सगळं बरोबर, पण कमाई विचारताना जास्त घोळ होतो. "रोज किती पडतो?" असं विचारलंत तर गावातला चालू दर कळेल, त्याची कमाई नाही. मागचे सात दिवस एकेक करून विचारा: काम कोणतं, पूर्ण रोज की अर्धा, की खाडा. निंदण रोजानं असतं. वेचणी किलोवर, म्हणजे किलो गुणिले दर. सोंगणी एकरी ठेक्यानं, ती रक्कम टोळीतल्या माणसांत भागा. शेवटच्या वेच्यात किलोचा दर चढतो पण कापूस कमी निघतो. नुसते दर पाहिलेत तर फसाल.

रिवाइंडिंगवाल्याचा गल्ला म्हणजे त्याची कमाई नव्हे. तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग वजा करा. जळालेली जुनी तार तो भंगारात विकतो, ते पैसे मिळवा. हे कोणी आपणहून सांगत नाही. उधारी कापूस विकल्यावर मिटते, म्हणून झालेलं काम आणि हातात आलेले पैसे असे दोन रकाने ठेवा.

पऱ्हाटी:
बरी आठवण केलीत. गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं आणि व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात, म्हणजे हिवाळा हा या धंद्याचाच हंगाम. तो फुगवटा तुलनेच्या गटानं जात नाही. जुलैत आणखी एक फेरी हवीच.

दारव्हा_रोड:
अर्जांची यादी मिळेल, साधारण तितकीच नावं आहेत. ६०-६० पुरतात का?

बुटीबोरी_फाटा:
मोठा परिणाम असेल तरच. न शिकलेल्यांत १०० पैकी ४० जणांना पक्कं काम आहे असं धरा. ६०-६० मध्ये साधारण २५ टक्के-बिंदूंचा (म्हणजे शिकलेल्यांत ४० ऐवजी ६५) फरक असेल तरच तो भरवशानं पकडता येतो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांच्या २०१७ च्या आढाव्यात विकसनशील देशांत प्रशिक्षण देऊ केलेल्या १०० जणांमागे जादा काम लागलेले तीनहूनही कमी निघाले. तेवढा फरक पकडायला दर गटात चार हजारांवर माणसं लागतात. तेव्हा फरक दिसला नाही तरी "परिणाम नाही" असं लिहू नका. अंदाज कुठून कुठपर्यंत जातो ते लिहा. नोकरीपेक्षा कमाईच्या रकमेवर भर द्या, आणि पुण्याला गेलेली पोरं गाळू नका, घरून नंबर घेऊन फोन करा. जमलं तर चारही गावांतल्या जुन्या मेकॅनिकांनाही विचारा, त्यांची गिऱ्हाइकं किती तुटली; नव्यांची कमाई त्यांच्याच खिशातून आली असेल तर ती गावाची वाढ नव्हे.