गच्चीचं काम : सोमवारपासून बी विंग

सेक्रेटरी (बी-३०२): नमस्कार मंडळी. विशेष सभेत ठरल्याप्रमाणे दोन्ही विंगच्या गच्चीवरचा जुना कोबा काढून नवं वॉटरप्रूफिंग होणार आहे. सोमवारी बी विंगला सुरुवात. ती उरकली की ए विंग, तोवर बोर्डाच्या परीक्षाही संपतील. शंका असतील त्या इथेच विचारा. ऑफिसच्या वेळात फोन नको, प्लीज.

ए-१०३: सुप्रभात. आजचा सुविचार 👇

सेक्रेटरी: दादा, आज सुविचार राहू द्या.

बी-००२: मी सभेत बोललो होतो, परत बोलतो. गळतं चौथ्या मजल्याचं. तळमजल्याने पैसे का भरायचे?

खजिनदार (ए-२०२): कारण गच्ची चौथ्या मजल्याची नाही, सोसायटीची आहे. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नियमावली, वाचा. गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची. एवढंच नाही, पावसाचं पाणी गच्चीतून उतरून वरच्या मजल्याचं सिलिंग आणि प्लॅस्टर खराब झालं असेल तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. बाथरूममधून खालच्या घरात गळतं, ते मात्र ज्याचं त्याने.

बी-००२: मग दुरुस्ती निधी कशासाठी घेता दर महिन्याला? त्यातून करा.

खजिनदार: त्यातूनच करतोय, पण तो पुरत नाही. निधी घेतात बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. आपला बांधकाम खर्च १९८४ चा. त्या वेळच्या भावावर जमलेल्या पैशात आजचं काम कसं बसेल? म्हणून जादा वर्गणी. शिवाय कंत्राटदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा, कोटेशन वाचताना तो कुणी धरत नाही.

बी-४०१: काका, २००५ च्या २६ जुलैनंतर तळमजल्यावरचे मीटर उचलून वर घेतले, तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावरच्यांनी पण पैसे भरलेच की.

बी-००२: तो विषय वेगळा होता.

बी-४०१: बरं.

सेक्रेटरी: बी-२०४ काकांना मी विनंती केली आहे की काम सुरू झाल्यावर घराघरात काय होईल ते लिहा. सार्वजनिक बांधकाम खात्यात होते ते, सगळ्यांना माहीत आहेच.

बी-२०४ काका: लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी वजनाचं बोलू. आपल्या गच्चीवर सरासरी पाच इंच कोबा आहे. विटांचे तुकडे, सिमेंट-वाळू आणि वर दोरीने चौकोन मारलेला थर. चौरस मीटरला हे दोनशे किलोच्या पुढे जातं. एका विंगची गच्ची तीन हजार चौरस फूट, म्हणजे साधारण २८० चौरस मीटर. म्हणजे एकट्या बी विंगवरून साठेक टन राडारोडा खाली यायचाय. सहा-सात डंपर. आणि जवळपास तेवढंच नवं सामान परत वर चढायचंय.

म्हणून लिफ्टमधून एकही गोणी जाणार नाही, कुणी कितीही 'साहेब एकच फेरी' म्हटलं तरी. आणि गच्चीवर ढीग रचायचा नाही. कामगारांना सवय असते, दिवसभर फोडायचं आणि संध्याकाळी उतरवू म्हणून मधोमध डोंगर करायचा. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर एका जागी तेवढा भार मी तरी टाकू देणार नाही. फोडलं की गोणीत, गोणी मागच्या बाजूच्या हॉइस्टने, म्हणजे सामान चढवायच्या-उतरवायच्या यंत्राने, खाली. वर कुणी ढीग पाहिला तर फोटो काढून इथे टाका.

आता चौथा मजला. कोबा फोडायचं मशीन, म्हणजे ब्रेकर, चालला की स्लॅब थरथरतो आणि जे प्लॅस्टर आधीच सुटलंय ते पडतं. तुमच्याकडेही पडेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण बेसावध राहू नका. शनिवारी कंत्राटदाराचा माणूस आणि मी चौथ्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात येऊन काठीने सिलिंग ठोकून बघणार आहोत. घट्ट प्लॅस्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने गोल करायचा आणि तेवढं आपणच आधी पाडून घ्यायचं. पलंगाच्या आणि गॅसच्या ओट्याच्या वरचं सगळ्यात आधी. त्याच फेरीत प्रत्येक खोलीच्या सिलिंगचे फोटो काढू, म्हणजे नवी भेग कुठली आणि जुनी कुठली यावरून मार्चमध्ये भांडणं नकोत.

बी-४०३: काका आमच्याकडे फॉल्स सिलिंग आहे. आम्ही सुटलो ना?

बी-२०४ काका: उलट तुमचंच बघायला हवं. वर काय सुटलंय ते दिसत नाही, आणि पोपडे पडून त्या पातळ शीटवर साचत राहतात. एका कोपऱ्यात हात जाईल एवढी खिडकी कापून घ्या.

बी-४०३: नवऱ्याला सांगते. त्याने इंटिरिअरवर केलेला खर्च बघता तो आधी तुमच्याशी बोलेल 😄

बी-४०२: आवाज किती वाजेपर्यंत? मी घरून काम करते.

सेक्रेटरी: ब्रेकर १० ते १ आणि ३ ते ६. रविवारी बंद. तोडायचं काम साधारण दहा दिवस, पुढे एवढा आवाज नाही.

ए-४०१: सेक्रेटरी साहेब, ए विंग नंतर आहे हे ठीक, पण दोन्ही विंगची भिंत एकच आहे. आमच्याकडे बारावी आहे. ३०३ कडे दहावी.

सेक्रेटरी: वहिनी, तोडकाम बारावीच्या पहिल्या पेपरआधी संपवायचा प्रयत्न आहे. लांबलंच, तर पेपरच्या दिवशी ब्रेकर फक्त ११ ते २. मुलं तेव्हा सेंटरवर असतात.

ए-४०१: आणि पेपर नसेल त्या दिवशी?

सेक्रेटरी: त्या दिवशी ब्रेकर नाही. छिन्नी-हातोड्याने कडेचं काम करतील. कंत्राटदार कुरकुरला, पण मान्य केलंय.

ए-४०१: थँक्यू 🙏

बी-१०४: मला एक कळत नाही. दुसरा कंत्राटदार जुन्यावरच केमिकल मारून, वर नवा थर देऊन निम्म्या पैशात करायला तयार होता. त्याला का नाही घेतलं? कमिटीत कुणाचा ओळखीचा आहे का हा?

खजिनदार: टेंडर उघडली तेव्हा तुम्ही हजर होतात.

बी-२०४ काका: प्रश्न वाईट नाही, उत्तर देतो. जुना कोबा आत पाणी पिऊन बसलाय. त्याच्यावर नवा थर टाकला तर ते पाणी कोंडतं आणि खालूनच बाहेर पडतं, म्हणजे ४०२ च्या हॉलमध्ये. दुसरं, वजन जवळपास दुप्पट. जुनी गच्ची कशी आहे ते न बघता जो 'दहा वर्षांची गॅरंटी' म्हणतो, त्याची गॅरंटी पहिल्या पावसापर्यंत. कोटिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, चांगल्या सुक्या स्लॅबवर ते टिकतं. आपला तसा नाही.

आता पैशांचं, कारण मार्चमध्ये यावरच वाद होणार. कोबा उचलल्याशिवाय खालचा स्लॅब कसा निघेल हे कुणीही सांगू शकत नाही. बऱ्याच जागी साफ निघेल, काही जागी सळ्या गंजून फुगलेल्या असतील. टेंडरमध्ये त्या दुरुस्तीचा चौरस फुटाचा दर ठरलाय, किती चौरस फूट ते ठरलेलं नाही. ते बुजवायच्या आधी टेप लावून मोजायचं: कंत्राटदाराचा माणूस, आपला कन्सल्टंट आणि कमिटीतला एक जण, फोटोसकट. सळई किती खाल्लीय, नवी जोडायची की नाही, हे कन्सल्टंटने ठरवायचं. कंत्राटदाराला विचारलंत तर तो सगळीच बदलायला सांगेल.

बी-१०४: ठीक आहे. मोजमापाला मी येतो.

खजिनदार: या की. एक माणूस हवाच होता.

ए-३०१: एवढं सगळं करण्यापेक्षा पत्र्याची शेड का नाही टाकत? माझ्या मेव्हण्याकडे ठाण्याला टाकलीय, एक थेंब नाही.

बी-४०१: आणि गच्ची? कोजागिरी पत्र्याखाली करायची? चंद्र मोबाइलवर बघू.

सेक्रेटरी: शेडला महापालिकेची परवानगी लागते, सांगाडा स्लॅबमध्ये बोल्ट मारून उभा करावा लागतो, आणि खालचा स्लॅब आहे तसा गंजत राहतो. सभेत चर्चा होऊन नाही म्हटलंय.

ए-४०२: आमच्या विंगचं काम कधी संपेल? एप्रिल-मे म्हणता म्हणता जून यायचा. तसा मृग लागेपर्यंत वेळ आहे म्हणा.

बी-२०४ काका: मृगाच्या भरवशावर राहू नका. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस पडला होता. आणि २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मेला मुंबईत येऊन बसला, त्याची नेहमीची तारीख ११ जून. म्हणून करारात ए विंगची शेवटची तारीख ३० एप्रिल आहे आणि उशिराला दर आठवड्याचा दंड. तरीही एका वेळी अर्धीच गच्ची उघडायची. चार-पाच पट्टे का नाही असं कुणीतरी विचारेल. पट्टे वाढले की सांधे वाढतात आणि पाणी सांध्यातूनच शिरतं. दोन भाग, मधे एकच सांधा, तोही उताराच्या सगळ्यात उंच रेषेवर.

बी-४०२: उतार म्हणजे? गच्ची तर सपाट आहे ना.

बी-२०४ काका: दिसते सपाट. पाणी खाली जायच्या पाइपाकडे दर मीटरला एक सेंटीमीटर उतार असावा लागतो. आपला उतार जुन्या टीव्ही अँटेनाच्या खांबांनी आणि वेळोवेळी केलेल्या ठिगळांनी मारलाय. बी विंगच्या जिन्याच्या कोपऱ्यात सप्टेंबरात कायम डबकं असतं, तिथे उभं राहून बघा. आणि कठड्याच्या कडेला जी गोलाई असते, वाटा म्हणतात तिला, ती फुटलीय. माझ्या मते आपली निम्मी गळती तिथूनच आहे. काम चालू असताना मी बाकी काही बघितलं नाही तरी वाटा बघणार.

ए-१०३: काका एकदम भारी माहिती 👌👌

बी-३०१: धुळीचं काय? एसी नुकताच सर्व्हिस केलाय.

सेक्रेटरी: बाजूने हिरवं कापड लागेल, पाणी मारत फोडतील, ट्रक झाकून जातील. २०२३ पासून महापालिकेचे नियमच आहेत तसे. तरी बाहेरच्या एसी युनिटला त्या वेळेत प्लॅस्टिक गुंडाळा आणि तेवढा वेळ एसी लावू नका. खिडकीतलं कुंडीचं प्रकरण आत घ्या.

बी-३०१: आणि राडारोडा जातो कुठे? मागे शेजारच्या बिल्डिंगचा खाडीकडे खारफुटीत टाकला होता रातोरात.

सेक्रेटरी: आपला पावतीने जाणार. प्रत्येक डंपरची राडारोडा प्रक्रिया प्लँटवरची पावती आल्याशिवाय वाहतुकीचं बिल पास नाही.

बी-४०४: पाण्याच्या टाकीत धूळ?

सेक्रेटरी: टाकीच्या झाकणांवर ताडपत्री बांधणार, तोडकाम संपलं की टाकी धुणार. गच्चीवरून गेलेले पाइपही उचलून ठोकळ्यांवर घेणार आहोत, त्या दिवशी दुपारी पाणी बंद. आदल्या दिवशी इथे सांगेन.

बी-३०४: आई विचारतायत, कुरडया-पापडाचं काय? त्यांचं वाळवण दरवर्षी एप्रिलात असतं.

सेक्रेटरी: एप्रिलात बीची गच्ची झालेली असेल. आजींना म्हणावं खुशाल घाला.

बी-२०४ काका: खाट किंवा चटईवर. दोरी बांधायला कठड्यात खिळा ठोकलेला दिसला तर मी स्वतः आजींशी बोलेन.

बी-३०४: आई म्हणतायत, काकांना तळलेल्या कुरडया पोचतील, बोलू नका 😄

बी-२०४ काका: मग खिळ्याचं बघू. नाही, नाही बघणार.

आता पाण्याची चाचणी. काम झालं की पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर चार इंच पाणी साठवायचं, तीन दिवस. पंचवीस हजार लिटरच्या आसपास लागतं, ते बोरिंगचं घेऊ, पिण्याचं नाही. चौथ्या मजल्यावरच्यांनी त्या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ सिलिंग बघायचं, माळ्यावर, कपाटाच्या मागे, पंख्याच्या हूकाशीसुद्धा. ओल दिसली की लगेच फोटो आणि वेळ. आणि आतला रंग लगेच देऊ नका. स्लॅबमधलं जुनं पाणी सुकायला उन्हाळा जातो, घाईने रंग दिलात की दिवाळीला पोपडे.

खजिनदार: पैशांचे टप्पे: तोडून साफ झाल्यावर एक, नवा कोबा झाल्यावर एक, चाचणी पास झाल्यावर एक. पाच टक्के रक्कम दोन पावसाळे आपल्याकडे. दहा वर्षांची हमी स्टँप पेपरवर, आणि हमी कंत्राटदाराचीच. केमिकल कंपनीच्या छापील कागदात फक्त मालाची हमी असते, लावणाऱ्याच्या हाताची नसते.

सेक्रेटरी: त्याच हमीत एक अट आहे, सगळ्यांनी वाचा. काम झाल्यावर गच्चीत भोक पाडलं तर हमी रद्द. डिश अँटेना आता लोखंडी स्टँडवर, सिमेंटच्या ठोकळ्यात उभ्या. गणपतीला मांडवाचे बांबूही गच्चीत रोवायचे नाहीत. बी विंगच्या सध्याच्या सगळ्या डिश रविवारपर्यंत काढून ठेवा.

ए-२०४: मॅच आहे रविवारी.

सेक्रेटरी: बी विंगच्या डिश म्हणालो. तुमची मार्चमध्ये.

ए-२०४: मग हरकत नाही 😌

सेक्रेटरी: शेवटचं. हॉइस्ट मागच्या बाजूला लागणार, त्यामुळे रविवारी रात्री दहाच्या आत बी विंगच्या मागच्या सगळ्या गाड्या काढा. खाली दोरी बांधून तेवढी जागा बंद राहील, मुलांना तिकडे खेळायला पाठवू नका. वॉचमनला सांगितलंय. आणि भिंतीला टेकवलेली ती निळी स्कूटर कुणाची आहे?

बी-१०१: ती तिथे लॉकडाऊनपासून आहे.

बी-००२: माझ्या भाच्याची आहे. शनिवारी काढतो.