भाकीत फळले नाही, तरी ते ग्रंथात राहिले

बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या (देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या) ग्रंथांचे मोल त्यांतील किती भाकिते खरी ठरली यावर ठरते, असे एक मत आहे, आणि त्याच करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात खऱ्या संदेष्ट्याची हीच कसोटी सांगितलेली असल्याने ते निराधार म्हणता येणार नाही. परंतु हे ग्रंथ स्वतः त्या कसोटीला चिकटून राहत नाहीत. यरुशलेमेचा नाश होईल असे मीखा या संदेष्ट्याने बजावले होते. सुमारे शतकभराने यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्यावर तशाच बोलण्याबद्दल देहदंडाचा प्रसंग आला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी मीखाचेच उदाहरण दिले आणि मीखाच्या काळचा यहूदाचा राजा हिज्कीया देवाला शरण गेल्यामुळे ते अरिष्ट टळले, असे सांगितले. म्हणजे न फळलेले भाकीत येथे संदेष्ट्याच्या बाजूचा पुरावा ठरते!

यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाचे उदाहरण याहून बोलके आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर (टायर) हे समुद्रकाठचे नगर धुळीस मिळवून लुटील, असे २६व्या अध्यायात आहे. २९व्या अध्यायात मात्र, सुमारे १६ वर्षांनंतरच्या वचनात, सोरेच्या मोहिमेत त्याच्या सैन्याला काहीच मोबदला मिळाला नाही म्हणून त्याला मिसर (इजिप्त) देश दिला जाईल, असे येते. संकलकांनी पहिले वचन गाळले नाही की दुरुस्तही केले नाही. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने सोर जिंकले, तेव्हा ते भाकीत पूर्ण झाले, असे काही भाष्यकार म्हणतात. पण ग्रंथातच खुलासा असताना ही ओढाताण मला अनावश्यक वाटते.