बीसबॉसमध्ये कनू ट्रिप, ड्रिमेलेनहून की वेर्केंडामहून?

रॉटरडॅमकर: मंडळी, पुढच्या महिन्यात ताई-भाओजी पुण्याहून येतायत. भाओजींना दुसऱ्या महायुद्धाचं प्रचंड वेड, ताईला पक्षी हवेत, म्हणून दोघांना बीसबॉसला, म्हणजे नेदरलँड्समधल्या खाड्यांच्या पाणथळ भागात, कनूतून न्यायचा विचार आहे. दोघंही वल्हवण्यात नवीन. कुठून निघावं? आणि युद्धाचं तिथे खरंच काही दिसतं का, की नुसतं पाणी आणि विलोची झाडं?

वल्हेकरी: नवीन असाल तर वेर्केंडामची बाजू घ्या, बीसबॉस म्युझियमही तिकडेच आहे. ड्रिमेलेनहून निघालं की आधी आमर नदी ओलांडावी लागते, तिच्यात मोठी मालवाहू जहाजं चालू असतात, त्यांच्या लाटांमध्ये नवख्या माणसाने कनू घालू नये. पण भाओजींना गाडीने तरी ड्रिमेलेनच्या काठावर न्याच, कारण नोव्हेंबर १९४४ पासून तीच आघाडी होती, दक्षिणेला दोस्त सैन्य आणि उत्तरेला जर्मन.

पाणथळ: दिसण्यासारखं कमी आहे हे खरं, पण माहिती घेऊन गेलात तर त्या अरुंद खाड्याच सगळं सांगतात. त्या हिवाळ्यात उत्तरेत उपासमार होती, आणि २१ लाइनक्रॉसर, म्हणजे आघाडी ओलांडून ये-जा करणारे लोक, रात्री वल्ह्याच्या होड्या नि कनू घेऊन याच खाड्यांतून जायचे, ३७४ फेऱ्या झाल्या. उत्तरेकडे इन्सुलिन आणि औषधं, दक्षिणेकडे गुप्त माहिती, अडकलेले वैमानिक, लपून राहिलेले लोक. आर्नेमच्या लढाईत जखमी झालेले ब्रिटिश ब्रिगेडियर हॅकेट फेब्रुवारी १९४५ मध्ये असेच कनूतून सुटले. आरी फान ड्रील आणि कीस फान दे सांदे हे दोन लाइनक्रॉसर मात्र पकडले गेले, ३० एप्रिल १९४५ ला गोळ्या घातल्या त्यांना, आणि ५ मेला देश मोकळा झाला. पाचच दिवस हो! ही दोन नावं भाओजींना नक्की सांगा.

वल्हेकरी: +१. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आज पाणी जेवढं शांत दिसतं तेवढं तेव्हा नव्हतं. समुद्राच्या तोंडावरचं हारिंगव्लीतचं धरण १९७० मध्ये बंद झालं, त्याआधी इथे गोड्या पाण्यात जवळजवळ दोन मीटर भरती-ओहोटी असायची, म्हणजे ओहोटीची वेळ चुकली तर होडी चिखलात रुतणार आणि उजाडल्यावर जर्मन गस्तीला आयती सापडणार. त्यामुळे हे काम इथल्याच माणसांना जमायचं, ज्यांना प्रत्येक खाडी पाठ होती.

रॉटरडॅमकर: बापरे, भरतीचं हे अजिबात माहीत नव्हतं. वेर्केंडाम ठरलं मग. ताईसाठी काय?

पाणथळ: पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड, २०१२ पासून घरटी करतोय, दुर्बीण विसरू नका. बीव्हरही आहेत, १९८८ मध्ये पुन्हा आणून सोडलेले, पण ते संध्याकाळी बाहेर पडतात, तेव्हा कनू परत द्यायची वेळ आधी विचारून घ्या.