गादी खालून ओलीचिंब, बोट गळतेय का? (नॅरोबोटीवरचा पहिला हिवाळा)

पहिला_हिवाळा

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही दोघांनी ५७ फुटी नॅरोबोट (अरुंद कालव्यांतली लांबट पोलादी बोट) घेतली आणि भाड्याचं घर सोडून तिच्यावरच राहायला आलो. मरिनात (बोटी कायम बांधून ठेवायच्या तळावर) जागा घेतलेली नाही, एका ठिकाणी चौदा दिवस झाले की पुढे सरकतो. सध्या इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड कालव्यावर ब्राउन्स्टन गावाच्या अलीकडे आहोत. उन्हाळा फार छान गेला, दारं-खिडक्या रात्रभर उघड्या असायच्या.

गेल्या आठवड्यात चादर बदलायला गादी उचलली तर खालचं प्लायवुड ओलं. हात फिरवला तर तळव्याला पाणी लागलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके. रोज सकाळी खिडक्यांच्या चौकटीत पाणी साचलेलं असतं आणि बायकोचा खोकला आठ दिवस हटत नाहीये. मला वाटतं छप्पर नाहीतर खिडक्या गळताहेत. सगळ्या चौकटींना बाहेरून सिलिकॉन भरून घेऊ का? छपरावरच्या मशरूम व्हेंटमधून (हवा खेळायला ठेवलेल्या, वर छत्रीसारखं झाकण असलेल्या भोकांतून) गार वारा येतो म्हणून एकात मोजा कोंबलाय, बाकीचेही बंद करावेत म्हणतो. शेगडी संध्याकाळी सहाला पेटवतो, झोपताना विझू देतो. कोळशाच्या पिशव्या भराभर संपतात आणि मागची झोपायची खोली तरी गारठलेलीच.

आठ_हिवाळे

आधी तो मोजा काढा. पुढचं नंतर वाचा, पण तो आत्ता काढा. बंद केबिनमध्ये शेगडी जळतेय, गॅस जळतोय आणि दोन माणसं श्वास घेताहेत. ते व्हेंट तुम्हाला जिवंत ठेवायला आहेत.

आता ओलीचं. मी आठ हिवाळे बोटीवर काढले आहेत, पहिले तीन केनेट अँड एव्हन कालव्यावर आणि नंतरचे तुमच्याच बाजूला. तुम्ही लिहिलंय त्यावरून बरंचसं पाणी बाहेरून आलेलं नाही, तुमच्याच घरात तयार झालेलं आहे. केबिनचा पत्रा साधारण ४ मिलिमीटरचा, खिडकीची चौकट अॅल्युमिनियमची, काच एकेरी. बाहेर थंडी पडली की या सगळ्याला आतून घाम फुटतो. गॅसवर स्वयंपाक करता ना? एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे १३ किलोची एक बाटली संपवलीत की वीस लिटरहून जास्त पाणी केबिनमध्ये सोडलंत. त्यात कुकरच्या शिट्या, अंघोळ, आत वाळत घातलेले कपडे आणि रात्रभराचे श्वास.

तरी अंदाजावर राहू नका, तपासून बघा. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या, तळहाताएवढे तुकडे कापा. जिथे ओल दिसते तिथली भिंत पुसून कोरडी करा आणि तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. फॉइल खोलीच्या बाजूने ओली झाली तर ते हवेतलं पाणी. मागच्या बाजूने ओली झाली तर पाणी भिंतीतून येतंय. अशा सात-आठ जागा करा, एकीवर निकाल लावू नका.

सिलिकॉनची घाई तर मुळीच नको. खिडकीच्या चौकटीला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, आत जमलेलं पाणी बाहेर जायला. ती शेवाळाने आणि मेलेल्या किड्यांनी बुजतात, मग खाचेतलं पाणी आतल्या बाजूला उतू जातं आणि माणसाला वाटतं खिडकी गळतेय. बाहेरून सिलिकॉन फासलंत तर ती भोकं कायमची बंद. एक बारीक तार घ्या, प्रत्येक भोकात घालून फिरवा. माझ्या बोटीवर पहिल्या वर्षी एका चौकटीतून तार बाहेर आली ती काळ्या चिखलाची वात घेऊनच, आणि पाठोपाठ कपभर पाणी बाहेरच्या बाजूला वाहून गेलं. ती खिडकी मी महिनाभर आतून टॉवेलने पुसत होते.

गादी. तुमच्या अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली जातो आणि थंडगार प्लायवुडला जाऊन भिडतो. पलंगाखालच्या कप्प्याला बाजूने फक्त पोलाद आहे आणि त्या पोलादाच्या पलीकडे कालवा. तिथे हवा खेळवल्याशिवाय इलाज नाही. प्लायवुडला वीतभर अंतरावर ५० मिलिमीटरची भोकं पाडा, किंवा प्लायवुड काढून लाकडी पट्ट्या टाका. वर गादीखाली अंथरायची जाळीदार मॅट मिळते, बोटवाले सगळे वापरतात, ती घाला. गादी भिंतीपासून दोन बोटं सरकवा. खालचा कप्पा कपड्यांनी ठासून भरलेला असेल तर अर्धा रिकामा करा. आणि रोज सकाळी गादी उभी करून ठेवा, पांघरुणं लगेच घडी करून त्यावर रचू नका. काळे ठिपके पुसताना वहिनींना बाहेर पाठवा आणि खिडकी उघडी ठेवा, त्या बुरशीने खोकला चिघळू शकतो. तरी आठ दिवसांचा खोकला आहे, डॉक्टरांना दाखवाच. इथे जीपीकडे (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला कायमचा पत्ता लागत नाही.

शेगडीबद्दल माझं मत पक्कं आहे: नोव्हेंबर ते मार्च ती विझू द्यायचीच नाही. रोज विझली की रोज सगळा पत्रा थंड होतो, आणि रोज संध्याकाळी तुम्ही कोळसा जाळता तो ते पोलाद पुन्हा तापवण्यात जातो. स्मोकलेस ब्रिकेट (धूर न करणाऱ्या कोळशाच्या वड्या) वापरा. झोपायच्या अर्धा तास आधी जाळी हलवून राख पाडा, ब्रिकेट भरा, खालची हवा दहा-पंधरा मिनिटं मोकळी ठेवून नीट धरू द्या आणि मग हवा जवळजवळ बंद करा. सकाळी हवा उघडलीत की निखारे परत जागे होतात. हवा बंद करूनही आग दबत नसेल तर शेगडीच्या दाराची फट बंद करणारी दोरी गेलेली असते. थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दोरी बदला.

मागची खोली गार राहते त्याला १२ व्होल्टचा लहान पंखा पुरतो, मात्र तो शेगडीपाशी नको. झोपायच्या खोलीत जमिनीवर ठेवा, तोंड शेगडीकडे. तो खालची गार हवा पुढे ढकलतो आणि तिची जागा भरायला गरम हवा छताखालून मागे येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं, पण त्या रात्रीपासून पायमोजे न घालता झोपते.

लोखंडी_तळ

ताईंनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त राखेबद्दल लिहितो. शेगडी रात्रभर ठेवणार असाल तर हे वाचाच.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी झोपायच्या आधी राखेचा ट्रे पुढच्या डेकवर ठेवला. वर ताडपत्रीचं आच्छादन होतं, पाऊस नको म्हणून तिन्ही बाजूंनी बांधलेलं. राख करडी दिसत होती, एकही निखारा लाल नव्हता. रात्री दोनला कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म किंचाळायला लागला. डोकं जड झालं होतं आणि दाराची कडी मला पटकन सापडेना. राखेतून निघालेला वायू आच्छादनाखाली साठून दाराच्या फटीतून आत येत होता. त्या अलार्ममुळे मी आज हे लिहितोय.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली पूर्ण उघड्यावर, दारापासून लांब. आच्छादनाखाली कधीच नाही. राहायची जागा असलेल्या बोटींना १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये (बोटींच्या सुरक्षा तपासणीत) हा अलार्म सक्तीचा आहे, पण ती तपासणी चार वर्षांतून एकदाच होते. बटण मात्र तुम्ही दर आठवड्याला दाबून बघा. शेगडीच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीत एक, असे दोन लावा. धुराडंही महिन्यातून एकदा काढून काजळी झाडा.

पहिला_हिवाळा

मोजा त्याच रात्री काढला. अलार्म एकच होता, दुसरा आणून लावला.

फॉइलचे नऊ तुकडे लावले होते. आठ खोलीच्या बाजूने ओले. नववा, झोपायच्या खोलीतल्या डाव्या खिडकीखालचा, मागून ओला! तिथलं लाकूड नखाने दाबलं तर मऊ लागतंय. तार घालून भोकं साफ केली, बाकी खिडक्यांत सकाळी पाणी जवळजवळ नाही, पण ही एक तशीच. हिचं काय करू?

आणखी एक. पंखा चालतोय, खोली खरंच बदलली. पण बॅटऱ्या सकाळी १२.१ व्होल्ट दाखवतात. लेड-अॅसिड आहेत. रोज तासभर इंजिन चालवतो तरी असं का?

आठ_हिवाळे

नऊतली एक खरी गळती निघाली, बरं झालं तपासलंत. तिथे चौकटीमागचं जुनं मॅस्टिक (फटी बुजवायचा लगदा) वाळून सुटलेलं असणार. ती चौकट स्क्रू काढून बाहेर घ्यावी लागेल, जुनं सगळं खरवडून, गंज घासून पत्रा रंगवायचा आणि नवी सीलिंगची पट्टी लावून परत बसवायची. हे काम कोरड्या, उबदार दिवसाचं, एप्रिलमध्ये करा. तोपर्यंत चौकटीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला बाहेरून जलरोधक टेप लावा. खालची कड मोकळी ठेवा. आतलं मऊ लाकूड आत्ता झाकू नका, वाळू द्या.

बॅटरी. पंखा वगैरे सगळं बंद ठेवूनही सकाळी १२.१ दिसत असेल तर त्या निम्म्याच्याही खाली आहेत, आणि लेड-अॅसिडला ते सोसत नाही. या बॅटऱ्या पहिलं चार्जिंग भराभर घेतात, पण शेवटचा वीस टक्के भाग घ्यायला कित्येक तास लावतात. रोजच्या एका तासात तिथवर तुम्ही पोचतच नाही, आणि रोजची तूट साठत जाते. उन्हाळ्यात सोलरने ते झाकलं, आता सूर्य तुमच्या कामाचा नाही. आठवड्यातून एक दिवस इंजिन सहा-सात तास चालवा. त्याच दिवशी जागा बदला, पाणी भरा, संडासाची कॅसेट (काढता येणारी टाकी) रिकामी करा, म्हणजे डिझेल सत्कारणी लागतं आणि कॅलोरिफायरमधलं (इंजिनाच्या उष्णतेवर तापणाऱ्या टाकीतलं) गरम पाणीही मिळतं. थांबलेले असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायचं नाही, ही लायसन्सची अट आहे, आणि शेजारच्या बोटीवर कुणीतरी झोपलेलं असतं.

पाणी गोठवणारी थंडी पडायच्या आधी पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवा. आधी काठावरचा नळ गोठतो, आणि मग कालव्यावर बर्फ धरला की बोट हलवायची नाही, बर्फाच्या कडा पाण्याच्या रेषेवरचं ब्लॅकिंग (गंजापासून वाचवणारा काळा लेप) खरवडून नेतात. एक जादा कॅसेटही बाळगा.

काचांवर आतून अॅक्रिलिकचे पत्रे चुंबकी पट्टीने लावा, या हिवाळ्यात एवढा एक खर्च कराच. संध्याकाळी लावायचे, सकाळी काढून पुसायचे.

पहिला_हिवाळा

टेप लावली. पत्रे कापून आणतो. पट्टी किती रुंदीची घेतलीत?

आठ_हिवाळे

साडेबारा मिलिमीटर. चौकटीवरची जागा स्पिरिटने पुसून मगच चिकटवा, नाहीतर पहिल्याच गारठ्यात सुटते. वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवा.