रोटरचा बोल्ट: तेल नको, गरम करा
सायकलच्या डिस्क ब्रेकचा रोटर (चाकासोबत फिरणारी डिस्क) धरून ठेवणारा, डोकं घासलेला बोल्ट निघत नाही म्हणून विचारलं, तर वर सगळे डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचं स्प्रेचं तेल) मारून रात्रभर ठेवा म्हणून सांगून राहिले, ते नका करू भाऊ, डिस्कवर अन् पॅडवर तेल गेलं की ब्रेक लागतच नाही, पॅड फेकावे लागतात. रोटरचा बोल्ट बहुतेक वेळा गंजानं नाही तर निळ्या थ्रेडलॉकरमुळे (बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) अडकलेला असतो, अन् ते उष्णतेनं ढिलं होतं.

माझ्या मागच्या चाकाचा असाच निघाला. सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या डोक्यावर टेकवून चांगलं तापवलं, नागपूरच्या इतवारीतून आणलेला नवा टी-२५ बिट (चांदणीच्या आकाराचं टोक) हातोडीनं ठोकून बसवला अन् गरम असतानाच दाबून फिरवला. घासलेली जुनी चावी बिलकुल वापरू नका, बोल्टच्या डोक्यातले उरलेले कोपरेही जातात. नवीन बोल्ट कसताना जोर लावू नका, शिमानो कंपनीच्या रोटरला २ ते ४ न्यूटन-मीटरच (बोल्ट कसायच्या जोराचं माप) लागतं.