माजी सैनिक, पीटीएसडी आणि व्यायाम: धडधड वाढली की थांबतात, काय करावं?

तालीम_कराड
आमच्या व्यायामशाळेत काही निवृत्त फौजी येतात. पीटीएसडीचं (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराचं) निदान झालंय, गोळ्या चालू आहेत. धावायला लागले की पाचेक मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो आणि ते तडक निघून जातात. वेळापत्रक कसं आखू?

फिजिओ_वाई
धडधड, धाप, घाम ही धोक्याच्या वेळचीही लक्षणं. शरीराला फरक कळत नाही, म्हणून ते पळ काढतं. घाबरून थांबलं की भीती आणखी पक्की होते. त्यामुळे थांबवू नका, वेग उतरवा.

पहिले दोन आठवडे सपाटीवर 10 मिनिटं चालणं, आठवड्यातून 3 दिवस, बोलता येईल इतक्याच वेगाने. मग 1 मिनिट भरभर, 2 मिनिटं सावकाश, अशा 6 फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर त्यांनाच नाडी मोजू द्या: 15 सेकंदांचे ठोके गुणिले 4. वाढलेले ठोके आपोआप खाली येतात हे त्यांनी स्वतः मोजून पाहणं, हाच खरा व्यायाम. प्रोप्रॅनोलॉल (ठोके मंद करणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी चढणार नाही, तिथे बोलता येतंय का एवढंच बघा.

बरेच जण बीपीईटीच्या (सैन्यातल्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीच्या) 5 किमी धावण्याची जुनी वेळ मनात धरून येतात. तो हिशोब पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगा.

योग_सातारा
जागेकडेही लक्ष द्या. पाठ भिंतीकडे, दार नजरेसमोर. प्लेटा आपटू देऊ नका, खाली रबरी मॅट टाका. मागून खांद्याला हात लावून आसन सुधारायचं नाही, समोर येऊन "मेजर, हात लावू का?" असं विचारायचं. शवासन डोळे उघडे ठेवूनही चालतं. कपालभाती सुरुवातीला नकोच, जोरजोरात श्वासोच्छ्वास केल्याने मुंग्या आणि चक्कर येते. 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, एवढं पुरे. दिवाळीत आणि मिरवणुकीच्या दिवसांत फटाके वाजत असताना मैदानावर नेऊ नका.

डॉ_मानस
2015 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात 81 रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा 30 मिनिटांचे ताकदीचे व्यायाम आणि चालणं जोडलेल्या गटाची लक्षणं जास्त कमी झाली. "नेहमीच्या उपचारांना जोडून" हे विसरू नका. गोळ्या आणि समुपदेशन सोडून व्यायाम नाही.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन असेल तर रक्तदाब उतरतो, जमिनीवरून झटकन उठवू नका. स्फोटात डोक्याला मार बसला असेल किंवा चाळिशी उलटली असेल तर आधी ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी करून घ्या. छातीत कळ येऊन हातात गेली, तर ती भीती समजून बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

तालीम_कराड
एकजण उलट रोज दोन तास धावतात. ते चांगलंच ना?

डॉ_मानस
एक दिवस सुट्टी घ्या म्हटल्यावर बेचैन होतात का, ते पाहा. होत असतील तर आठवणी टाळण्यासाठी धावणं चाललंय. जबरदस्तीने थांबवू नका, त्यांच्या समुपदेशकाच्या कानावर घाला. जीव नकोसा झाल्याचं कधी बोलले तर एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालू असते, आणि सैन्यदलांसाठीचा त्यांचा खास कक्ष पुण्यात एएफएमसीमध्येच (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) आहे.