नोकरी सोडताना डोक्यातलं काय काय परत करायचं?

अर्धविराम:
नेक्सॉन विरुद्ध आयर्नमेस हे दक्षिण कोरियातलं भांडण ज्यांच्या वाचनात आलं नसेल त्यांच्यासाठी आधी गोषवारा. नेक्सॉनमध्ये 'पी३' नावाचा गेम तयार होत होता. २०२१ मध्ये त्याच्या प्रमुखाला कंपनीने काढलं, काही सहकारीही बाहेर पडले आणि आयर्नमेस उभी राहिली. त्यांचा 'डार्क अँड डार्कर' गाजायला लागल्यावर नेक्सॉनने आरोप केला की आमचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) आणि बाकी फाइली खासगी सर्व्हरवर चढवून पळवल्या. आयर्नमेसचं म्हणणं, कोड आम्ही पहिल्यापासून लिहिलाय आणि मॉडेल वगैरे विकत घेतलीत. मार्च २०२३ मध्ये पोलिसांची धाड पडली, त्याच महिन्यात गेम स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून गायब झाला. अमेरिकेतल्या कोर्टाने "हे कोरियातच बघा" म्हणून नेक्सॉनचा दावा काढून टाकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या जिल्हा कोर्टाचा निकाल आला: कॉपीराइटचा भंग नाही, पण व्यापारी गुपितांचा भंग झालाय, तेव्हा ८५० कोटी वॉन भरा.

माझं मत: निकालाचा पहिला भाग बरोबर, दुसरा घातक. कोड कोडशेजारी ठेवून तपासता येतो. गुपिताचं तसं नाही. गुपित नेमकं कुठलं, हे कंपनी तुम्ही बाहेर पडल्यावर ठरवते. चार वर्षं एकच प्रकारचा गेम बनवलेल्या माणसाने पुढे काय बनवायचं? चोरी म्हणत असाल तर ओळी दाखवा. नाहीतर गप्प बसा.

कलमकसाई:
असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात असहमत.

कॉपीराइटचा दावा तयार गेमकडे बघतो: हा त्याच्यासारखा आहे का? गुपिताचा दावा दाराकडे बघतो: बाहेर जाताना हातात काय होतं? या दोन वेगळ्या चौकश्या आहेत. घरच्या सर्व्हरवर कंपनीच्या फाइली सापडल्या, तर शेवटचा गेम मूळ प्रोजेक्टपेक्षा वेगळा निघाला म्हणून त्या फाइली परत कंपनीत जात नाहीत. त्यांनी वाचवलेले महिने तर वसूल झालेच ना.

आणि "ओळी दाखवा" ही अट फक्त आळशी चोराला पकडते. सिलिकॉन नाइट्स या गेम स्टुडिओचं प्रकरण आठवा. २००७ मध्ये त्यांनीच एपिकवर दावा ठोकला की त्यांचं अनरियल इंजिन ३, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, धड चालत नाही. एपिकने उलट दावा केला की आमचा कोड उचलून यांनी तो स्वतःचा म्हणून वापरला. २०१२ मध्ये ज्युरीने एपिकला ४४ लाख ५० हजार डॉलर दिले. न्यायाधीशांनी तर न विकलेल्या प्रती नष्ट करा असा हुकूम काढला, 'टू ह्यूमन' आणि 'एक्स-मेन: डेस्टिनी' दोन्हींच्या. कोर्टाने नोंदवलंय की हजारो ओळी जाणूनबुजून घेतल्या आणि एपिकच्या कॉपीराइटच्या सूचना काढून टाकल्या. लपवाछपवी होतेच हो.

अर्धविराम:
अहो, पण ते सापडले कशाने? ओळी जुळवूनच! एपिकच्या प्रोग्रामरांनी कोडमध्ये लिहिलेल्या टिपा आणि त्यांतल्या टायपिंगच्या चुकासुद्धा तशाच्या तशा उतरल्या होत्या. म्हणजे माझी कसोटी लपवाछपवीलाही पुरून उरली. असा पुरावा असेल तर सगळ्या प्रती वितळवा, माझी ना नाही.

रात्रपाळी:
मी कोड लिहून पोट भरते, म्हणून थोडं आतलं.

चूक जुळली म्हणजे चोरी, हे ऐकायला पक्कं वाटतं. बेथेस्डाने २०१८ मध्ये हेच केलं. 'फॉलआउट शेल्टर' बनवायला त्यांनी बिहेवियर इंटरॅक्टिव्हला काम दिलं होतं. त्याच बिहेवियरने पुढे वॉर्नर ब्रदर्ससाठी 'वेस्टवर्ल्ड'चा मोबाइल गेम केला. बेथेस्डाच्या दाव्यात म्हटलं होतं की आमच्या गेमच्या सुरुवातीच्या आवृत्तीतला बग, म्हणजे कोडमधली चूक, जसाच्या तसा तिकडे दिसतो, म्हणजे आमचाच कोड आत आहे. २०१९ च्या सुरुवातीला आपसात मिटलं, त्यामुळे कोर्टाने त्यावर मत दिलंच नाही.

पण विचार करा, बग लिहिणारी माणसं तीच असतील तर? मी आज एखादी रांग हाताळायचं फंक्शन लिहिलं आणि दोन वर्षांनी दुसरीकडे कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहिलं, तर व्हेरिएबलची नावं सारखी येतील आणि शेवटच्या घटकाशी माझी नेहमीची गडबडही येईल. ती मी चोरलेली नसते, ती माझी खोड असते. तेव्हा बग हा संशयाला पुरेसा आणि निकालाला अपुरा.

निकालाला लागतो तो निरुपयोगी कोड. अटारी गेम्स विरुद्ध निन्टेन्डो, १९९२. निन्टेन्डोच्या कन्सोलमध्ये कुलूपवजा प्रोग्राम होता, १०एनईएस. परवानगी नसलेली गेमची काडतुसं (कार्ट्रिज) त्यामुळे चालत नसत. अटारीने त्याला उघडणारा 'रॅबिट' बनवला. निन्टेन्डोने आपल्या चिपमधून पुढे काढून टाकलेल्या सूचनांचं प्रतिरूप त्या रॅबिटमध्ये होतं. कुलूप उघडायला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. खोडीने माणूस उपयोगी गोष्ट पुन्हा लिहितो, मेलेली गोष्ट लिहीत नाही.

कलमकसाई:
रात्रपाळी, उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं आणलंत की! त्या खटल्यातली खरी गंमत ओळींच्या पलीकडे आहे. अटारीच्या लोकांना चिप उकलून तो प्रोग्राम पुरता कळेना. मग त्यांच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला सांगितलं की आम्ही प्रतिवादी आहोत, खटल्यासाठी प्रत हवी. तेव्हा खटलाच नव्हता! कोर्ट म्हणालं, चिप उकलून समजून घेणं न्याय्य वापरात (मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापरात) बसू शकतं, पण प्रत खोटं बोलून मिळवलेली असेल तर तो बचाव तुम्हाला नाही. म्हणजे कोड कसा मिळवला हा प्रश्न तेव्हापासून मध्यभागी आहे. अर्धविराम यांना नेमका तोच नको आहे.

बिनबुडाचा_तांब्या:
एवढ्या गंभीर चर्चेत थोडं मनोरंजन. २०१५, लिलिथ विरुद्ध यूकूल, दोघी गेम कंपन्या. लिलिथ म्हणे, आमच्या चिनी गेमचा कोड ढापून यूकूलने 'हीरोज चार्ज' काढला. दाव्यात काय, तर यूकूलचा गेम अमुक पद्धतीने चालवला की पडद्यावर लिलिथचीच कॉपीराइटची सूचना उमटते! आणि त्याच वर्षी ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह या बड्या गेम कंपन्या लिलिथ आणि यूकूल दोघांवर दावा घेऊन आल्या की यांची पात्रं मुळात आमची. आरोपांपुरतं बोलायचं तर चोरावर मोर, आणि मोरावर आणखी दोन मोर.

अर्धविराम:
तांब्या, हे भारी होतं.

कलमकसाई, "कसा मिळवला" मला नको असं नाही. फाइल नेली असेल तर फाइल नेल्याची शिक्षा द्या. पण ती संपूर्ण गेमच्या कमाईला का चिकटवायची? झेनिमॅक्स विरुद्ध ऑक्युलस बघा. नामवंत गेम प्रोग्रामर जॉन कार्मॅक झेनिमॅक्सच्या आयडी सॉफ्टवेअरमधून २०१३ मध्ये ऑक्युलस या आभासी वास्तवाचे (व्हीआर) चष्मे बनवणाऱ्या कंपनीत गेले. २०१७ मध्ये डॅलसच्या ज्युरीने झेनिमॅक्सला ५० कोटी डॉलर दिले. कशाबद्दल? गुपितं चोरली नाहीत असं ज्युरीनेच सांगितलं! पण गोपनीयतेचा करार मोडला, कॉपीराइटचा भंग झाला वगैरे. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी रक्कम निम्मी केली आणि मग तडजोड झाली. त्यातली कोडची तुलना शब्दशः नव्हतीच. झेनिमॅक्सचे तज्ज्ञ म्हणाले, रचना सारखी आहे, आणि कार्मॅक यांनी तुलनेच्या त्या पद्धतीवर जाहीरपणे सडकून टीका केली.

आता दोन निकाल शेजारी ठेवा. सोलमध्ये कॉपीराइट नाही, गुपित होय. डॅलसमध्ये गुपित नाही, कॉपीराइट होय. नोकरी बदलणाऱ्या माणसाने यातून कुठला नियम शिकायचा?

रात्रपाळी:
दोन देश, दोन कायदे, दोन पुरावे. त्यातून नियम निघायचाच नाही. पण काम करणाऱ्यांना वापरता येईल असा एक रस्ता आहे, गेमचा नसला तरी. कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताई, तोही १९९२ चाच. अल्ताईत आलेल्या एका नव्या माणसाने जुन्या कंपनीचा कोड सोबत आणला आणि त्यांच्या प्रोग्रामचा सुमारे ३० टक्के भाग त्यातून भरला. कंपनीला हे कळल्यावर त्याला बाजूला ठेवून, तो कोड न पाहिलेल्या प्रोग्रामरांकडून तेवढा भाग नव्याने लिहून घेतला. आधीच्या आवृत्तीची भरपाई द्यावी लागली, नव्या आवृत्तीत कॉपीराइटचा भंग नाही असं ठरलं. तपासायची रीतही त्याच निकालाने रुजवली: प्रोग्रामचे थर सोडवा, कोणीही तसंच लिहिलं असतं तो भाग चाळून टाका, उरलेल्याची तुलना करा. अर्धविराम, तुमच्या "ओळी दाखवा" पेक्षा हे बरंच शहाणं आहे.

डुलकी:
मध्येच एक शंका. डिसेंबर २०२३ मध्ये 'जीटीए ५' या गेमचा सोर्स कोड फुटून बाहेर आला. तो कुतूहलाने वाचला तर मीही अडकेन का?

रात्रपाळी:
फुटला म्हणून तो सार्वजनिक होत नाही, मालकी कंपनीचीच राहते. नुसतं वाचून कोणी दारात येणार नाही बहुधा, पण उद्या तसाच गेम लिहायला बसाल तेव्हा "न पाहिलेला माणूस" हा बचाव गेला. एम्युलेटर (एका यंत्राचे गेम दुसऱ्यावर चालवणारे प्रोग्राम) लिहिणारी मंडळी फुटलेल्या कोडपासून लांब राहतात ती याच कारणाने.

अर्धविराम:
अल्ताईचा रस्ता मान्य, पण तो निकालापर्यंत तग धरणाऱ्यांचा. माझा मूळ राग वेगळाच आहे. आयर्नमेसचा गेम कोर्टाच्या निकालाने उतरला नव्हता, नेक्सॉनच्या नोटिशीने उतरला. एप्रिल २०२३ ची चाचणी त्यांना टॉरेंटवरून वाटावी लागली! (खेळणाऱ्यांनी तीही डाउनलोड करून घेतली, ती गोष्ट निराळी.) स्टीमवर परत यायला जून २०२४ उजाडलं. कॉपीराइटच्या नोटिशीने उतरवलेला गेम, आणि पुढे कोर्ट म्हणतं कॉपीराइटचा भंग नाही. त्या सव्वा वर्षाचं काय? माझी मागणी साधी: गेम उतरवण्याआधी दोन्ही कोड कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाकडे द्या. महिनाभरात काय जुळतं ते सांगू दे, मग उतरवा.

कलमकसाई:
महिनाभरात? अमेरिकेत समोरच्याचा कोड बघायचा तर इंटरनेट नसलेल्या कम्प्युटरवर, मोजकीच पानं छापायची मुभा, आणि त्या अटींवरच वकील महिनोन्‌महिने भांडतात. तेवढ्यात चोरीचा गेम असेल तर पैसे कमवून मोकळा झालेला असतो. उलट बाजू घ्या: छोट्या स्टुडिओचा कोड मोठ्या कंपनीने पळवला, तर तुमचा महिना कोणाच्या फायद्याचा? आणि त्या तज्ज्ञाची फी आधी कोणी भरायची, ते लिहा. दावा करणाऱ्याने म्हणाल तर छोटा स्टुडिओ दावाच करणार नाही.

अर्धविराम:
दावा करणाऱ्यानेच भरायची. जिंकला तर समोरच्याकडून वसूल.

कलमकसाई:
आणि समोरचा तोवर दिवाळखोर झाला असेल तर? सिलिकॉन नाइट्स २०१४ मध्ये झालीच की.